पेशी मोजायच्या खोलीत

माझा नवरा वायरमन आहे. कुणाच्या खांबावर साप निघाला, कुणाच्या माळ्यावर चोरून ओढलेली वायर सापडली, असले त्याचे किस्से एका लग्नाच्या पंगतीत संपतात आणि पुढच्या लग्नापर्यंत तेवढेच नवे तयार होतात. माझे मात्र नुसते साठत जातात. सोळा वर्षं मी एआरटी सेंटरमध्ये लॅब टेक्निशियन आहे. एचआयव्हीच्या पेशंटना औषधं मिळतात ते हे केंद्र. इथली गोष्ट बाहेर सांगायची नाही हा पहिला नियम. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत डॉक्टर सामंत, समुपदेशक परबबाई आणि मी, अशी तिघंच एकमेकांना त्याच त्याच गजाली सांगत असतो.

माझं काम रक्त घ्यायचं आणि सीडी-फोर मोजायचं. सीडी-फोर म्हणजे रक्तातल्या अशा पांढऱ्या पेशी, ज्या आजार आला की बाकीच्या पेशींना हाका मारून उठवतात. एचआयव्ही नेमका त्यांच्यावरच बसतो. निरोगी माणसात त्यांचा आकडा साधारण पाचशेच्या वर असतो. दोनशेच्या खाली गेला की आम्हाला काळजी लागते. आणि पेशंटला? त्याला पहिल्या दिवसापासून त्या आकड्याखेरीज दुसरं काही दिसतच नाही.

नावं बदलली आहेत, गावंही थोडी हलवली आहेत. आता सांगते.

*

आमच्या दाराला लागूनच कुत्रा चावल्याच्या इंजेक्शनची खिडकी आहे. हा आमच्या पेशंटना मोठाच आधार. ओळखीचं कुणी दिसलं की माणूस दोन पावलं सरकून त्या रांगेत उभा राहतो.

फोंडाघाटाकडचा सुरेश दर महिन्याला गोळ्यांना यायचा. घरी आणि वाडीत त्याने कुत्रा चावल्याचं सांगितलं होतं. पहिल्या महिन्यात लोकांनी हळहळ केली. दुसऱ्या महिन्यात त्याने दुसरा कुत्रा चावल्याचं सांगितलं. चौथ्या महिन्यात तो आला तो घामाने भिजलेला, आणि सरळ परबबाईंच्या टेबलासमोर जाऊन बसला. ग्रामसभेत त्याच्या वाडीतल्या पिसाळलेल्या कुत्र्यांचा विषय निघाला होता. त्याला पुढे बोलावून विचारलं होतं की कुठला कुत्रा ते दाखव. भीतीने त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, आणि लोकांना वाटलं, बिचारा कुत्र्यांना किती घाबरलाय.

"बाई, दुसरो खंयचो तरी रोग सांगा," तो म्हणाला. "येत्या सोमवारी वाडीतले सगळे कुत्रे धरून न्हेतले. त्यातलो एक माझो आसा."

*

एकदा भर पावसाळ्यात आमचं मोजायचं मशीन बंद पडलं. अशा वेळी रक्ताच्या नळ्या पेटीत घालून घाटावरच्या लॅबला पाठवाव्या लागतात. नळीतल्या पेशी फार तर दोन दिवस धड राहतात, मग मरायला लागतात. त्या आठवड्यात घाटात दरड आली. पेटी निम्म्या वाटेवरून परत आली तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. अकरा जणांचं रक्त वाया गेलं. मी यादी घेऊन फोन करायला बसले.

त्यात वेंगुर्ल्याचा दिगंबर होता. मासेमारीच्या बोटीवरचा तांडेल, म्हणजे बोट हाकणारा. मी त्याला सांगितलं की सॅम्पल खराब झालंय, पुन्हा रक्त द्यायला या. त्याने फक्त "बरा" म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन आला. तिला त्याच्या आजाराचं ठाऊक होतं, तीही आमचीच पेशंट. दिगंबर आदल्या दुपारपासून घरी नव्हता. मोबाईल चुलीशेजारी ठेवून गेला होता. विहिरी बघून झाल्या होत्या. ती रडत नव्हती, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती, "मॅडम, तुम्ही त्यांका काय सांगलात?"

मी तो दिवस कसा काढला ते माझं मला ठाऊक. नळ्यांवर नावं उलटसुलट लिहायला लागले तेव्हा डॉक्टरांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले.

तो तिसऱ्या दिवशी सापडला. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून, माडाच्या झावळ्यांनी झाकून ठेवतात. त्या झाकणाखाली, स्वतःच्याच बोटीत तो बसला होता. बायकोला विडीचा वास आला म्हणून कळलं. ती त्याला थेट आमच्याकडे घेऊन आली.

मी त्याला समजावलं की खराब झालं ते नळीतलं रक्त, अंगातलं नाही. नळीत पेशी जगत नाहीत, अंगात रोज नव्या तयार होतात. त्याने टेबलावरची रिकामी नळी उचलली.

"म्हणजे नळयेत भरलास तेव्हा ता बरा होता?"

बरं होतं, मी म्हटलं. पुन्हा मोजलं तर आकडा सहाशेच्या वर निघाला.

तेव्हापासून मी फोनवर रक्त हा शब्दच काढत नाही. एका कागदावर सही राहिलीय, जमेल तेव्हा येऊन जा, एवढंच सांगते. वर्षभर हे नीट चाललं. हल्ली सही राहिलीय म्हटलं की पलीकडून हळूच विचारतात, "किती कमी झाले?"

*

गावडे गुरुजी मसुऱ्याकडचे. तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. आजार कुठून आला हे आम्ही कुणाला विचारत नाही, त्यांनाही विचारलं नाही. आले तेव्हा वय एकसष्ट, वजन बेचाळीस किलो आणि सीडी-फोर अडतीस. गोळ्या मात्र त्यांच्यासारख्या कुणी घेतल्या नसतील. रोज ठरलेल्या मिनिटाला. वर्षाने विषाणूची तपासणी केली तर रक्तात तो सापडलाच नाही. परबबाईंनी त्या दिवशी सगळ्यांना चहा दिला.

पण सीडी-फोर वाढेना. अडतीसचे एकशे वीस झाले, एकशे साठ झाले, आणि मग तिथेच घुटमळायला लागले. गुरुजी आलेखाच्या कागदावर दर वेळचा ठिपका काढत आणि मला दाखवत. एकदा तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "शत्रू जर सापडतच नाही, तर पेशी का वाढत नाहीत? माझं काय चुकतंय?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. विषाणू पेशी मारतो एवढंच आपण धरून चालतो, ते म्हणाले, पण पेशी तयार होतात त्या ठिकाणीही तो बिघाड करतो. हाडांच्या आतल्या मगजात या पेशींचं मूळ असतं. तिथून निघालेल्या कोवळ्या पेशी छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते तिथे जातात, आणि आपलं कोण, परकं कोण हे तिथे शिकून मगच बाहेर पडतात. विषाणू मगजाचं काम मंद करतो आणि ती ग्रंथीही खराब करतो. त्यातून वयाप्रमाणे ती तशीही आकसत जाते. गोळी विषाणूला दाबून ठेवते, पण मोडलेलं पुन्हा उभं राहायला वर्षं लागतात. उशिरा आलेल्या आणि वय झालेल्या माणसात ते कधीकधी पुरतं उभं राहतच नाही. "त्यात तुमची काहीही चूक नाही," डॉक्टर म्हणाले.

गुरुजींनी कागद उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "म्हणजे मुलं येतायत, पण शाळा पडलीय."

त्या दिवसापासून त्यांची भीती बदलली. आधी ते विषाणूला घाबरायचे, आता हवेला, पाण्याला, माणसांना घाबरायला लागले. पाणी दोनदा उकळून पिऊ लागले. बाजारात जाणं सोडलं. नातवंडं आली की मागच्या पडवीत जाऊन बसत. दोनशेच्या खाली फुफ्फुसाचा आजार चटकन धरतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. त्यासाठीच त्यांना रोज एक जादा गोळी चालू होती. ती घेताय तोवर भिऊ नका, असं डॉक्टर दर वेळी सांगत.

मग त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. पुण्याला, मोठ्या हॉलमध्ये. लग्नाआधी पंधरा दिवस ते रक्त द्यायला आले. एकशे शहाण्णव. डॉक्टर म्हणाले, जा खुशाल, मास्क लावा, गोळी चुकवू नका. परबबाई म्हणाल्या, मुलीचं लग्न आहे गुरुजी. त्यांनी मान हलवली.

ते गेले नाहीत. पाहुण्यांना कंबर धरल्याचं कळवलं. बायको एकटीच गेली आणि कन्यादान त्यांच्या भावाने केलं. गुरुजींनी घरी बसून फोनवर सगळं पाहिलं, मुलीने दोनदा फोनकडे बघितलं तेही पाहिलं.

पुढच्या तपासणीला आकडा आला दोनशे तीन. मी आनंदाने सांगितला. डॉक्टरही हसले, पण त्यांनी नेहमीचं वाक्य जोडलं, की एवढा फरक सकाळ-संध्याकाळमध्येही पडतो. एकशे शहाण्णव काय आणि दोनशे तीन काय, आमच्या लेखी एकच.

गुरुजींनी खिशातून आलेखाचा कागद काढला, पण ठिपका काढला नाही.

"सात," ते म्हणाले. "सात पेशींसाठी मी माझ्या मुलीच्या लग्नात नव्हतो."

*

पेशंट बाहेर कुठे दिसला तर आपण ओळख दाखवायची नाही, हाही नियम. बाजारात, देवळात, एसटीत, त्यांनी हाक मारली तरच बोलायचं.

आंगणेवाडीच्या जत्रेत मी सासूबाईंबरोबर गेले होते. माझं सासर तिथून जवळच. देवीचं दर्शन झाल्यावर सासूबाई खाजा घ्यायला एका दुकानापाशी थांबल्या. आमच्याकडे जत्रेतून आलं-गुळाचा खाजा घरी नेल्याशिवाय जत्रा पुरी होत नाही. मी मान वर केली तर समोर तागडी धरून सुगंधा. आमची पाच वर्षांपासूनची पेशंट. गोळ्या वेळेवर, तब्येत ठणठणीत, नवरा याच आजाराने गेलेला. ती खाजा विकते हे मला ठाऊक नव्हतं.

तिने मला पाहिलं आणि तिचा हात हवेतच थांबला. मी आत्ता सासूबाईंचा हात धरून पुढच्या दुकानावर गेले असते तर आजूबाजूच्या कुणाला काही कळलं नसतं. पण तिला कळलं असतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि तागडी हलत होती. सासूबाईंना वाटलं, ही वजनात मारणार. त्या तागडीवर डोळे रोखून उभ्या राहिल्या, त्यामुळे ती आणखीच घाबरली.

मी पुढे होऊन परातीतला एक तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि सासूबाईंना म्हटलं, चांगला आहे, एक किलो घेऊया. सुगंधाने खाजा बांधून दिला. तिच्याशी अक्षरही न बोलता मी सासूबाईंबरोबर निघाले. घरी येईपर्यंत मी मनातून खूश होते. आपण योग्य तेच केलं असं वाटत होतं.

पुढच्या महिन्यात ती गोळ्यांना आली. रक्त देताना दुसरीकडे बघत म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी खाल्लात, तुमचे उपकार आसत." मी म्हटलं, त्यात काय एवढं.

"पण तोंडात घालताना डोळे मिटलात," ती म्हणाली.

खाण्यातून हा आजार लागत नाही, हे मी गावोगावच्या शिबिरांत माईकवरून सांगितलेलं आहे. डोळे मिटल्याचं मला आठवत नाही. पण ती खोटं कशाला बोलेल?

*

हा किस्सा माझा स्वतःचा आहे. परबबाईंना तो पाठ आहे, पण बाहेर मी पहिल्यांदाच सांगते आहे.

नोकरीचं पहिलंच वर्ष. माझी मुलगी चौदा महिन्यांची होती, अंगावर पीत होती. एका सकाळी काशीबाय नावाच्या म्हातारीचं रक्त घेतलं आणि सुई डब्यात टाकताना माझ्याच बोटात शिरली. हातमोज्याच्या आत रक्ताचा ठिपका दिसला. काशीबायच्या रक्तात विषाणू भरपूर होता, कारण ती गोळ्या कधी घ्यायची, कधी विसरायची. परबबाई तिच्यापुढे हात टेकून बसल्या होत्या.

मी नळाखाली हात धरला. डॉक्टर धावत आले, आणि तासाभराच्या आत पहिली गोळी माझ्या पोटात गेली. अठ्ठावीस दिवस एकही चुकवायची नाही, असं त्यांनी सांगितलं. विषाणू आधी सुई टोचलेल्या जागेजवळच्या पेशींत शिरतो, तिथून गाठींत जातो आणि मग सगळीकडे पसरतो. तो तिथे पोचण्याआधी औषध पोचलं पाहिजे. मला हे सगळं आधीपासून माहीत होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. पण आता ते माझ्या बोटाबद्दल होतं.

मुलीला अंगावर पाजणं त्याच दिवशी बंद करायला सांगितलं. घरी मी काहीच सांगितलं नाही. नवऱ्याला पोटाचं औषध चालू आहे म्हटलं. मुलगी पदर ओढायची, रडून लाल व्हायची, आणि सासूबाई मला दगडाच्या काळजाची म्हणायच्या. मी वाडगा-चमचा घेऊन बसायची. गोळीने मळमळायचं, आणि मळमळलं की वाटायचं, हे गोळीचं की आजाराचं?

पुढच्या सोमवारी काशीबाय सेंटरच्या दारात उभी. तिची तारीख महिन्याभराने होती. दोन एसटी बदलून आली होती. तिने सुई शिरताना पाहिलं होतं, ते माझ्या ध्यानातच नव्हतं.

"गोळी घेतलंस मां?" तिने विचारलं.

घेतली म्हटलं. मग ती परबबाईंकडे गेली आणि स्वतःच्या गोळ्यांचा डबा उघडून दाखवला. आठवड्याच्या सगळ्या गोळ्या घेतलेल्या होत्या. पुढचे तीनही सोमवार ती आली. दर वेळी तेच विचारायची आणि आपला डबा दाखवायची. मी सकाळी आठला घेते असं एकदा बोलले, तर तिनेही आपल्या गोळीची वेळ आठ करून घेतली. सकाळी आठ वाजता मी स्वयंपाकघरात पाण्याचा पेला उचलायची तेव्हा ही एकटीच बाई मला आठवायची. नवरा बाजूच्या खोलीत असायचा आणि त्याला काही माहीत नसायचं.

तीन महिन्यांनी माझी शेवटची तपासणी झाली. रिपोर्ट चांगला आला. त्या दिवशी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने उठून मुलीला कडेवर घेतलं आणि तो अंगणात गेला.

काशीबाय आली तेव्हा मी तिला सांगायला बाहेर धावले. तिने माझं सुई टोचलेलं बोट हातात घेऊन दाबून पाहिलं.

"तुझा सुटला, बाय," ती म्हणाली. "माझा चालू ऱ्हवांदे."

*

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारे दोघे भाऊ, जयवंत आणि रमाकांत. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून पंधरा-वीस माणसांनी ओढायचं मोठं जाळं. आमचा पेशंट थोरला, जयवंत. लग्न केलेलं नाही, धाकट्याच्या संसारातच राहतो. आला तेव्हा आकडा साठ होता. गोळ्यांनी विषाणू दबला, पण पेशी दीडशेवरच अडकल्या. आणि एका तपासणीला त्या एकशे अठरा निघाल्या. डॉक्टरांनी हलक्या आवाजात सांगितलं, तरी तो व्हरांड्यात जाऊन जमिनीवरच बसला. मी पाणी नेलं, तर म्हणाला, "संपत इले मां?" समजावलं, पण त्याच्या कानात काही गेलं असं वाटलं नाही.

सहा महिन्यांनी तो पुन्हा आला. तोंडाला मास्क, डोक्याला घट्ट बांधलेला टॉवेल. आमच्याकडे निम्मी माणसं अशीच येतात. काही न बोलता पेशंटच्या नोंदींचं हिरवं पुस्तक पुढे केलं आणि हात टेबलावर ठेवला. जयवंतची शीर म्हणजे माझी परीक्षा असायची, दोन-तीनदा टोचल्याशिवाय मिळायची नाही. त्या दिवशी एका झटक्यात मिळाली. मी मनात स्वतःलाच शाबासकी दिली.

आकडा आला एक हजार शहाऐंशी.

मी मशीन तपासलं, नळीवरचं नाव तपासलं. सगळं बरोबर होतं. डॉक्टर तो कागद किती तरी वेळ हातात धरून होते. आनंद झाला होता, पण विश्वास बसत नव्हता. फुफ्फुसाच्या आजारापासून वाचवणारी जादा गोळी त्यालाही चालू होती. पुन्हा मोजून आकडा असाच आला तर ती बंद करू, असं त्यांनी ठरवलं. परबबाईंनी फोन केला, कागदावर सही राहिलीय म्हणून.

तो आला. मास्क, टॉवेल, पुस्तक. मी दंडाला पट्टा बांधला आणि स्पिरिटचा बोळा कोपराच्या खळगीत फिरवला. जयवंतच्या या खळगीत माझ्याच सुयांच्या जुन्या बारीक खुणा होत्या, मुंग्या बसल्यासारख्या. या हातावर गेल्या वेळची एकच होती.

मी पट्टा सोडला आणि मास्क काढायला सांगितलं. आत रमाकांत होता.

डॉक्टरांना हाक मारण्याआधी मीच त्याच्यावर तुटून पडले. तुझ्या आकड्यावर आम्ही त्याची गोळी थांबवणार होतो. मग साध्या खोकल्याने तो गेला असता, आणि त्याला मारणारा तू असतास, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. जयवंत कुठे आहे म्हणून विचारलं, तर तो रिक्षास्टँडवर बसला होता. फाटकापर्यंत यायचा आणि तिथून पुढे त्याचा पाय उचलत नसे.

मग रमाकांतने हळूहळू सगळं सांगितलं. तो एकशे अठराचा आकडा ऐकल्यापासून जयवंतचं जेवण तुटलं होतं. गोळी घ्यायचा, पण ताटावरून उठायचा. रापणीवर जायचा नाही. दिवसभर स्वतःच्या हाताकडे बघत बसायचा. तारीख जवळ आली तसा तापाने फणफणला. आता आणखी कमी आकडा ऐकला तर हा तिथेच मरेल, असं रमाकांतला वाटलं. म्हणून त्यानेच पुस्तक उचललं. तो हजाराचा कागद घरी नेऊन दाखवला, तेव्हा जयवंतने तो तीनदा वाचला आणि बांगड्याच्या तिकल्याबरोबर दोनदा भात मागून घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो रापणीच्या दोराला सगळ्यांच्या पुढे होता.

माझा राग कुठे गेला ते कळलं नाही, पण खरं सांगणं भाग होतं. मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. हे एक हजार शहाऐंशी तुझे आहेत, म्हटलं, तुझ्या अंगातले. त्याच्या अंगात आहेत ते हे, एकशे अठरा.

रमाकांतने दोन्ही आकड्यांवर एकेक बोट ठेवलं. बाहेर परबबाई कुणाला तरी हळू आवाजात गोळ्यांच्या वेळा समजावत होत्या. मग त्याने शर्टाची बाही पुन्हा वर सरकवली, हात टेबलावर माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला,

"इतके माका कित्याक होये, बाय? माझा पाचशेत भागतला. उरलेले त्याका घाल."